मैत्रिणीच्या खोलीतली पांढरी भुकटी

१० फेब्रुवारी

खारूताई,

सूनबाई म्हणते, पत्राच्या डोक्यावर काहीतरी मानाचं लिहायचं असतं. मी म्हटलं, जिचं नाक मी पुसलं तिला कसला मान? खारूताई लिही, पोचेल.

फोनवर तुझं मला ऐकू येत नाही आणि माझं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून हा पत्राचा उद्योग. मला अक्षर येत नाही, पण जीभ आहे. तुझ्या काकूला अक्षर येतं आणि तिची जीभ माझ्यासमोर चालत नाही. तेव्हा आमची भागीदारी जमली. (आई सांगतात तेवढंच लिहितेय. – काकू) हे बघ, पेन आता उगाच चाललं, म्हणजे तिने मधे आपलं काहीतरी घुसवलं. घुसवू दे. तिचाही हात दुखतो.

मुख्य गोष्ट अशी, की डॉक्टरने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरवलंय. डावा तर कधीचाच रजेवर गेला, तो काही परत कामावर येत नाही. राहिला उजवा. त्याच्यावर आता दुधावर धरते तशी साय धरलीय. समोर तुझा काका उभा असला तर कपाट आहे की काका, ते तो बोलल्याशिवाय कळत नाही, आणि तो बोलतो कुठे? डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, आजी, काळजी करू नका. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे दोन असते तर नसती केली.

तारीख ठरली की कळवते. पण आत्तापासून सांगून ठेवते, पट्टी सुटेल तेव्हा तू समोर हवीस. दिसलं तर पहिलं तुझं तोंड दिसू दे. नाही दिसलं तर शिव्या द्यायला कुणीतरी हक्काचं जवळ असू दे. काकूला मी देऊ शकत नाही, मग पत्र कोण लिहील?

आणि मागच्या फोनवर तुझा आवाज झोप न झालेल्या माणसासारखा होता. शब्द कळले नाहीत, पण आवाज कळतो मला. कोणी मुलगा असेल तर सरळ सांग. काम काय करतो आणि घोरतो का, एवढं कळव. बाकीचं नंतर बघू.

तुझी आजी


१७ फेब्रुवारी

आजी, आणि काकू, कारण वाचणार तूच,

मुलगा नाही. घोरणारा नाही आणि न घोरणाराही नाही.

कारखान्यात कामाची झुंबड आहे. एका सिनेमागृहाच्या खुर्च्या मढवायला आल्यात, सगळ्याच्या सगळ्या. जुनं कापड फाडायचं, आतला काथ्या उपसायचा, सैल पट्ट्या काढून नव्या ताणून बसवायच्या. पट्ट्या ताणायचं काम आता उस्ताद माझ्याकडेच देतात. तोंडात मूठभर बारीक खिळे धरून ते बोलतात, त्यामुळे रागावलेत की शाबासकी देतायत ते अजूनही मला कळत नाही.

झोपेचं म्हणशील तर ते माझ्या मैत्रिणीमुळे. शेजारच्या खोलीत राहते. तिच्याकडे ढेकूण झालेत. बिचारी दिवा लावून बसते, गादीच्या शिवणी उलगडून बघते, आणि सोबत म्हणून मला जागवते. झालं असं, की तिने भंगारातून हात असलेली एक गादीची खुर्ची उचलून आणली. लाकूड चांगलं होतं, नीट मढवून कुणाला तरी द्यायची होती. खुर्ची उघडली तर आत सगळी वस्ती. तिने सांगाडा उघडा करून परत भंगारात नेऊन टाकला, पण तोवर पाहुणे पलंगात उतरले होते. बाजारातला फवारा मारला. तिचंच डोकं धरलं, ढेकूण भिंतीत जाऊन बसले आणि वास गेल्यावर परत आले.

आजी, तू धान्याच्या गोदामात कामाला होतीस, तुला किड्यांचं कळतं. काही उपाय आहे का? तिचं घर लांब आहे. घरच्यांना सांगायची तिला लाज वाटते.

तारीख ठरली की कळव.

खारू


२३ फेब्रुवारी

खारूताई,

मुलगा नाही हे वाचून मी निराश झाले आणि तुझा काका खूश झाला. घरात कुणीतरी एक खूश असलं म्हणजे पुरे.

आता त्या मैत्रिणीचं. गोदामात मी पोती शिवायचे तेव्हा आमचा मुकादम थप्पीखाली एक पांढरी भुकटी भुरभुरायचा. पिठासारखी दिसते, पण दगडाच्या जातीची. जुन्या तळ्यांच्या तळाशी डोळ्यांना न दिसणारे जीव मरून साचतात, त्यांच्या कवचांची माती होते, ती दळलेली. विष नाही. किडा तिच्यावरून चालला की त्याच्या अंगावरचं तुकतुकीत मेण खरवडून निघतं, मग त्याच्या अंगातलं पाणी टिकत नाही आणि तो सुकून मरतो. एका झटक्यात नाही, सावकाश. आपण संसार चालवतो तसा त्याचा संपतो, हळूहळू. बियाण्याच्या दुकानात मिळेल. धान्याला चालते तीच मागायची, दुसऱ्या कामाचीही एक येते, ती नको. नाकाला फडकं बांधून टाकायची. विष नसलं तरी धूळ ती धूळच, छातीत जाते. पलंगाच्या पायांशी, भिंतीच्या कडेला, लाकडाच्या फटीत घालायची.

पण मला एक सांग, भंगारातली गादीची खुर्ची उचलून झोपायच्या खोलीत नेणारी ही शहाणी कोण? हिला वळण लावायला घरात कुणी बाईमाणूस नव्हतं का? आणि लाज वाटते म्हणे. आधी वाटायला हवी होती, खुर्ची जिन्यावरून चढवताना. तू तिच्या खोलीत बसू नकोस. तुझी पिशवी तिच्या पलंगावर टेकवू नकोस. चहाच प्यायचा असेल तर दारात उभी राहून पी आणि कप तिथेच ठेवून ये.

(खारू, येताना तिला बरोबर आणू नकोस, तिचं काही सामानही नको. ऑपरेशनसाठी सगळ्या गाद्या नव्या भरून घेतल्यात. डॉक्टर म्हणाले, घर अगदी स्वच्छ हवं, एकच डोळा आहे. तू समजून घेशील. – काकू)

तारीख ठरली, २८ मार्च. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडणार. सुट्टी आत्ताच मागून ठेव. उस्तादांच्या तोंडात खिळे असतील तेव्हा माग, म्हणजे नाही म्हणायला त्यांना वेळ लागेल.

आजी


५ मार्च

आजी,

उपायाबद्दल मैत्रिणीने आभार सांगितलेत. बियाण्याच्या दुकानात भुकटी मिळाली. खरंच दोन प्रकारच्या होत्या, दुसरी पोहण्याच्या तलावाच्या गाळणीत घालतात ती. तिने तू सांगितलीस तीच आणली. पण काही उपयोग झाला नाही. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. कोपऱ्यांत नुसता पांढरा चिखल होतो, आणि ढेकूण त्याच्या बाजूने आरामात जातात.

तू तिला जे बोललीस तेही मी सांगितलं. ती म्हणाली, बरोबरच आहे.

मला २८ तारखेला यायला जमणार नाही. सिनेमागृहाच्या खुर्च्या महिनाअखेरीला द्यायच्या आहेत आणि उस्ताद सुट्टी देत नाहीत. तू रागावू नकोस. काकू आहे, काका आहे, डॉक्टर चांगला आहे. सगळं नीट होईल. नंतर मी येईनच.

गाद्या नव्या केल्या ते बरं झालं.

खारू


११ मार्च

खारूताई,

पत्र पोचलं. लहान होतं, त्यामुळे लवकर वाचून झालं. मी सूनबाईला म्हटलं, मागे काही लिहिलंय का बघ. मागे काही नव्हतं.

खुर्च्यांचं खरंच महत्त्वाचं आहे. सिनेमा बघायला आलेल्या माणसांनी उभं राहायचं म्हणजे काय? त्यांचे पाय दुखतील. आमचं काय, आम्हाला एका डोळ्याने बघायचंय, ते कुणाचंही तोंड बघितलं तरी चालतं. डॉक्टरचं बघीन. देखणा आहे म्हणतात.

(आई हसत सांगतायत म्हणून हसत वाचू नकोस. कालपासून त्या कुणाशी धड बोललेल्या नाहीत. तुझ्या काकांनी विचारलं तर म्हणाल्या, ऑपरेशन पुढे ढकला, नाहीतर राहू दे, धुरकट दिसतंय तेच पुष्कळ आहे. – काकू)

पेन फार चाललं. काय लिहिलंस ग? बरं, असू दे.

त्या मैत्रिणीच्या चिखलाचं मला कळेना. ही भुकटी हाडासारखी कोरडी. कोरडी आहे तोवरच किड्याला सुकवते. ओली झाली की तिच्यात आणि भिंतीच्या चुन्यात फरक नाही. मग चिखल कुठून आला? छत गळतं का तिचं? नळ फुटलाय? की हातून पाण्याचा तांब्या कलंडतो? झोप नसेल तर तेही होतं. ती सकाळपासून काय करते ते नीट विचार आणि लिही. उपाय माझा आहे, फसला तर नाव माझं जातं.

आजी


१७ मार्च

आजी,

छत गळत नाही. नळ खोलीत नाहीच, जिन्यापाशी आहे.

ती सकाळी उठते. तोंड धुवायच्या आधी बादली भरून आणते आणि ओलं फडकं मारते. आधी डोक्याकडची भिंत, मग पायाकडची, मग पलंग ओढून त्याच्या मागचं, आणि फडकं उलटं करून परत एकदा. मग पिळून बाहेर वाळत घालते आणि चहा ठेवते. त्याशिवाय तिला चहा जात नाही. फडकं मारून झालं की वाळायची वाट बघते आणि कामावर जायच्या आधी नवीन भुकटी टाकते, चांगली जाडसर, म्हणजे चुकूनही फट राहू नये. दुसऱ्या दिवशी परत फडकं.

आळशी नाही ती आजी, एवढंच मला सांगायचंय. तू म्हणालीस तिला वळण नाही. तिची खोली या इमारतीत सगळ्यात स्वच्छ आहे. ढेकूण घाणीमुळे आले नाहीत, खुर्चीतून आले. पण हे ती कुणाकुणाला सांगत बसेल? हातावर चट्टे दिसले की लोक आधी दोन पावलं मागे सरकतात. म्हणून ती लांब बाह्यांचे कपडे घालते, कुणाच्या घरी जात नाही, आणि जिथे जावंसं वाटतं तिथे तर मुळीच जात नाही.

ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. माझ्यासाठी तरी ढकलू नकोस.

खारू


१९ मार्च

खारूताई,

तुझं पत्र सूनबाईने वाचायला घेतलं. फडक्यापाशी आली आणि थांबली. मी म्हटलं, वाच पुढे. तर म्हणाली, "आई, हे फडकं…" मी म्हटलं, "हो. पुढे वाच." मग तिने फडकं उलटं करून परत एकदा मारल्याचं वाचलं आणि कागद खाली ठेवला.

असं फडकं जगात एकाच घरात मारतात, आणि त्या घरात आम्ही दोघी आत्ता बसलोय.

मग मला नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, डोळा माझा बिघडलाय, पुसतेस तू. घे पेन, लिही.

तर त्या मैत्रिणीबद्दल. तिला कुणी वाढवलं ते आता मी विचारत नाही. चांगल्या घरातली दिसते. वळण इतकं पक्कं लागलंय की तेच तिच्या मुळावर उठलंय. तिला सांग, ती रोज सकाळी किड्याचं मरण स्वतःच्या हाताने पुसून काढते आणि मग परत विकत आणते. पलंगाखाली आणि भिंतीच्या कडेला ओलं फडकं बंद. कोरडं वाळू दे सगळं. मग भुकटी घ्यायची, पण मूठ नाही, चिमूट. तुमच्याकडे धूळ झटकायचा मऊ कुंचला असेलच, त्याने झटकायची. बंद खोलीत टेबलावर धूळ बसते ना, तेवढाच थर. जाड ढीग दिसला की किडा शहाण्यासारखा वळसा घालून जातो, पातळ थरावरून न बघता चालतो. पलंग भिंतीपासून सुटा ठेवायचा, चादर जमिनीला टेकू द्यायची नाही, म्हणजे वर जायला त्याला पायांवरूनच जावं लागेल, भुकटीतून. अंथरूण-पांघरूण कढत पाण्यातून काढायचं. आणि मग वाट बघायची. अंडी फुटतात, नवे येतात, तेही तिथूनच चालत जातात. सगळं पांढरं दिसेल, हात शिवशिवतील. हात मांडीखाली घेऊन बसायचं.

मागे मी तिला बरंच टाकून बोलले. तिला सांग, म्हातारीला परक्यांच्या मुलींना बोलायला फार आवडतं. घरच्यांना बोलायचं असेल तर ती आधी जवळ बसवून चहा पाजते, म्हणून घरच्यांना तिचं बोलणं लागत नाही. ती मुलगी परकी आहे असं मी समजले होते. यापलीकडे माझ्याकडून माफी निघायची नाही, माझी सवय मोडलीय.

आणि ती खुर्ची कुणाला द्यायची होती, ते मी विचारणार नाही. सांगाडा टाकला ते बरं केलं. ज्या बाईसाठी होती, ती अजून जमिनीवरून कुणाच्या मदतीशिवाय उठते.

(आता हे माझं, आईंनी सांगितलेलं नाही. खारू, हे पत्र अर्धं ठेवून मी डॉक्टरांकडे जाऊन आले. कुणाचं ते न सांगता सगळं विचारलं. ते म्हणाले, आल्याआल्या अंघोळ, अंगावरचे कपडे थेट कढत पाण्यात, मग आजींजवळ बसायला काही हरकत नाही. मागच्या दारानेच न्हाणीघरात जाता येतं, तिथे मी पाणी तापवून ठेवते. सामान आणायचं नाही, पिशवीसुद्धा नको, इथे सगळं आहे. नव्या गाद्या मी माळ्यावर टाकल्या. जुन्या चादरींवर झोपू, त्या उकळता येतात. मी ते गाद्यांचं लिहिलं नसतं तर. असो. पलंगाखाली फडकं मारू नकोस हे मी कुणाला सांगेन असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. पण नको मारूस. – काकू)

हिने पान भरवलं वाटतं. आता माझं राहिलेलं.

ऑपरेशन पुढे ढकललेलं नाही. २८ तारीख तीच आहे. मला भीती वाटते हे तुझ्या काकाला सांगू नकोस, तो स्वतःच घाबरलाय. अंधारात पट्टीखाली पडून राहायचं, आणि ती सुटल्यावर काय असेल ते माहीत नाही. त्या वेळी कुणाचा तरी हात हातात लागतो. खिळे धरून खडबडीत झालेला असला तरी चालेल.

तुला सुट्टी नाही तर नाही. मी समजून घेतलं. सिनेमावाल्यांना बसवायला हवं. तू असं कर, तुझ्या त्या मैत्रिणीला पाठव. तिच्या मापाचे कपडे घरात आहेत, तुझे आहेत ना, तिला बरोबर होतील. चट्टे आहेत तर असू दे, मला तसेही दिसणार नाहीत, आणि दिसले तर मी इतकी खूश असेन की चट्टेसुद्धा देखणे वाटतील.

आजी


२४ मार्च

आजी, काकू,

तुमचं पत्र मी कारखान्यात उघडलं, ते चुकलं. पट्टी ताणता ताणता हात सुटला. उस्तादांनी विचारलं काय झालं, तर मी सगळं सांगून टाकलं, खुर्चीपासून. त्यांनी तोंडातले खिळे काढून डबीत ठेवले. तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी. म्हणाले, "आधी का नाही बोललीस? या धंद्यात हे कुणाला झालं नाही? माझ्या बायकोने मला महिनाभर ओसरीत झोपवलं होतं." मग त्यांनी खिळे परत तोंडात टाकले आणि कुठल्या खुर्च्या राहिल्यात ते बोटाने दाखवायला सांगितलं, त्या आता तेच पुऱ्या करतील. सुट्टी मी मागितलीच नव्हती आजी, तेव्हा ती नाकारली कुणी हा प्रश्न आता विचारू नकोस.

फडकं बंद केलंय. पहिल्या सकाळी चहा घशाखाली उतरेना. पलंगाखाली ती पांढरी धूळ, कुंचल्याने ओढलेली, आणि मी हात मांडीखाली घेऊन बसलेली. आज पलंगाच्या पायाशी दोन सुकलेले सापडले, कागदासारखे हलके. सगळे गेलेले नाहीत. अजून चावतात. पण आता चालून चालून जातील.

काकू, पाणी कढत ठेव. पिशवी आणत नाही. गाडी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचते, मी मागच्या दाराने येईन.

आजी, मैत्रिणीला पाठव म्हणालीस, ते तिला सांगितलं. पण तिला यायला जमत नाही. मीच येते.

खारू